रातांब्यांचा रंग

आई, तुला जाऊन दहाएक वर्षं होत आली आणि गेल्या आठवड्यात माझ्या आतड्याची तपासणी झाली. मला काही होत नव्हतं. पण तुला ते दुखणं होतं, म्हणून चाळिशीनंतर करून घ्याच, असं डॉक्टर सांगत होते आणि मी तुझीच मुलगी, आंब्याचा हंगाम संपू दे म्हणत टाळत होते. शेवटी गेले. आदल्या दिवशी नुसतं पातळ प्यायचं होतं, तर मी नर्सला विचारलं, कोकम सरबत चालेल ना? ती म्हणाली, "लाल काही नको हां, काकू. आत राहिलं तर रक्तासारखं दिसतं, डॉक्टरसुद्धा फसतात." मी मान डोलावली आणि बाहेर बाकावर बसून रडले.

अठ्ठ्याण्णवचा मे महिना. मागल्या पडवीत रातांब्यांचा, कोकमाच्या फळांचा, ढीग पडलाय, तू साली आगळात, त्यांच्याच खारवलेल्या रसात, बुडवून उन्हात घालतेस, वाळल्या की पुन्हा बुडवतेस. तुझे हात कोपरापर्यंत लाल, पातळावर डाग, पाटावर डाग. संडासातून आलीस आणि हळूच म्हणालीस, लाल पडतंय. मी घाबरले तर माझ्यावरच डाफरलीस. "दिवसभर आगळाचं पाणी पित्ये मी. त्याचाच रंग गो तो. उगाच गावभर करू नको." आपल्या घरात हे कुणालाही पटलं असतं, मलाही पटलं. पावसाळा लागला, सरबत बंद झालं, रंग तसाच राहिला. मग ती उष्णता ठरली, मग मूळव्याध. सुरण झाला, ताक झालं. गणपतीत तुला मोदकांची उकड मळवेना, तेव्हा मुंबईला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आतड्याचा कॅन्सर आहे, फार उशीर झालाय. पुढच्या वर्षीचे रातांबे तू पाहिले नाहीस.

माझ्या वेळी नळीच्या टोकाला एक छोटी पारदर्शक टोपी बसवली होती. आतड्याच्या वळ्या ती बाजूला सारते, म्हणजे मागे काही दडलं असेल तर दिसतं. गुंगी हलकीच होती, पडद्यावर मीही बघत होते. एका वळीमागे तुरीच्या दाण्याएवढी गाठ निघाली. डॉक्टरांनी तारेच्या फासात धरून ती कापली. मला दुखलंसुद्धा नाही. म्हणाले, ही तशीच वाढली असती तर पुढे कॅन्सर होऊ शकला असता.

आज रिपोर्ट आला, गाठ साधीच होती. तुझे जावई पेढे घेऊन आले. सगळे खूश आहेत आणि मला पेढा गिळवत नाही.

हे पत्र पोचवायची सोय असती तरी मी ते पाठवलं नसतं. वाचून तू विचारलं असतंस, "एवढंसंच होतं गो?" आणि मला हो म्हणावं लागलं असतं.