उपासाची सुई

हिंजवडी, मंगळवार

सौ. यमुनेस आशीर्वाद, आणि एक तक्रार.

इथल्या ऑफिसचे काचेचे दार गळ्यातले कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नाही. आज कार्ड वारज्याच्या खोलीवर राहिले. शेजारच्या टेबलावरची भाग्यश्री आतून म्हणाली, "सर, दाराला संस्कृत कळत नाही."

सध्या शाळांच्या सीडीसाठी पेशीपटलाचा धडा मराठीत आणतो आहे. डोळे शिणतात. पेशीभोवतीचा हा पातळ पडदा हवे ते आत घेतो, नको ते अडवतो. स्नायूंच्या पेशी तर इन्सुलिनने खूण केल्याशिवाय साखरेला फारशा दार उघडत नाहीत. मग रक्तात साखर भरपूर आणि पेशी उपाशी.

तिथेच माझे काम थांबले. कारण काल श्रद्धा फोनवर म्हणाली, "बाबा, आई एकादशीला इन्सुलिनची सुई घेत नाही. उपास मोडतो म्हणते."

अगं, संस्कृत पाठशाळेत शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवली, पण सुईने उपास मोडल्याचे कुठे वाचले नाही. मोडायचेच तर उपास मोड, सुई चुकवू नको. डॉक्टरांना विचारलेस का?

मी वेळेवर जेवतो. दाराचे काय, कोणीतरी आतून उघडतेच. पण तुला चक्कर आली तेही मला लेकीकडून कळले. मला तुझ्या जिवाची भीती वाटते.

तुझा,
बद्रीनाथ