बरा झाल्यावर

प्रिय ताई,

तू फोनवर विचारतेस, "कसा आहेस रे?" आणि मी "मस्त!" म्हणून फोन हिच्या हातात देऊन मोकळा होतो. कागदावर तेवढं खोटं रेटता येत नाही. भाऊजी कामासाठी इकडे आलेत, दुपारी परत निघतील. त्यांच्याजवळ हे पाकीट देतोय.

तब्येत छान आहे असं सगळे म्हणतात. चष्म्याच्या कारखान्यात मालकांनी मला खिडकीजवळ बसवलंय. दिवसभर काचा घासायच्या, उजेडात धरून बघायच्या, पुढच्याकडे सरकवायच्या. घरी येतो, जेवतो, झोपतो.

डायलिसिसवर होतो तेव्हा मला एकच ध्यास होता, पोटभर पाणी प्यायचा. ओठ ओले होण्यापुरतंच मिळायचं. मशीनला जोडलेला हात बघत पडून असायचो आणि मनात म्हणायचो, सुटलो की कसा जगतो बघा! मग तू तुझी किडनी दिलीस. ऑपरेशननंतर पहिलं पेलाभर पाणी प्यायलो आणि हमसून रडलो. तू व्हीलचेअरवर दाराशी होतीस. टाक्यांवर हात दाबून हसत म्हणालीस, "अरे वेड्या, पाणीच आहे ते!"

आता ते खरंच नुसतं पाणी झालंय, ताई. कसं जगणार होतो तेही आठवत नाही. सकाळी जाग आली की उठावंसंच वाटत नाही. एकदा हिच्याजवळ विषय काढला. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "आता काय कमी आहे तुम्हाला?" मी म्हटलं, "काहीच नाही." दुखत असतं तर बोट ठेवून दाखवलं असतं. तू अजून बादली उचलताना कुशीवर हात धरतेस. जगायचा कंटाळा आलाय, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?

पण सांगायलाच हवं. सोमवारपासून मी तुझी किडनी टिकवायच्या गोळ्या घेतलेल्या नाहीत. मरायचं वगैरे ठरवलं नव्हतं गं. एका सकाळी गोळ्यांच्या पाकिटाकडे हातच गेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आज पाय सुजलेत. हिला काही ठाऊक नाही. वाचलंस की लगेच ये. वाटेतूनच तिला फोन कर, मला तिच्याशी बोलवत नाही. रागाव, थोबाडीत मार. कशासाठी जगायचं ते तुला विचारणार नाही, तुला तरी कुठे माहीत असणार! फक्त गोळी गिळेपर्यंत माझ्यासमोर बस.

तुझाच,
बारक्या