चाओ

२ मार्च १९४६, पनवेल
सगळं बदललं ते काल संध्याकाळी. शेजारच्या कुसुमने पायरीवरून हात हलवून मला म्हटलं, "चाओ." इटलीच्या लढाईतून परतलेल्या तिच्या भावाने, दत्तूदादाने, आणलेला शब्द. अर्थ माहीत नाही. पण म्हणाली माझ्याकडे बघून. कॉलेज सोडून आल्यापासून माझ्याकडे बघून कुणी धड बोललेलं नाही.

५ मार्च
दत्तूदादाला गाठलं. अर्थ: 'मी तुमचा गुलाम.' तिकडच्या इस्पितळात त्याची दाढी करायला येणारा म्हातारा व्हेनिसचा. तो त्याला म्हणायचा, शब्द मुळात आमच्याच गावचा. आधी अख्खं वाक्य होतं, तोंडोतोंडी झिजून एवढंच उरलं. भेटताना तेच, निघताना तेच.
पुढचं मी ऐकलंच नाही. गुलाम. म्हणजे तिने...

११ मार्च
कुसुमला उरणच्या मिठागरवाल्यांचं स्थळ आलंय. दत्तूदादाशी भांडलो, भर बाजारात. म्हटलं, तिने माझ्यापाशी कबूल केलंय. "काय केलंय?" सांगितलं. आधी हसला, मग मला कडेला घेऊन म्हणाला,
"अरे मधू, तिकडे गवळ्याला म्हणतात, कुत्र्याला म्हणतात. गुलामगिरी कुणाच्या मनातही नसते. तू वडलांना पत्राखाली 'आपला आज्ञाधारक' लिहायचास. पाळलीस कधी आज्ञा?"
त्याची टोपी भिरकावून घरी आलो.

१२ मार्च
कुसुम तळ्यावर, धुणं घेऊन. विचारलंच.
"सगळ्यांनाच म्हणते मी. बोक्यालासुद्धा."
"आणि मी तुला म्हटलं तर?"
पिळलेलं लुगडं पुन्हा पिळत राहिली. "तुम्ही नका म्हणू. तुम्ही खरंच म्हणाल."

२० मार्च
तिची सुपारी फुटली. त्यांच्याकडचे पेढे आईने माझ्यापुढे ठेवले. संध्याकाळपर्यंत तसेच. मुंग्या लागल्या.

२४ मार्च, उरणचा मोरा धक्का
पाणी चढलं की लाँच सुटेल. मुंबईत काय करणार, ठाऊक नाही. घरी राहून तिच्या लग्नाच्या पंक्तीत वाढायला लागलं असतं, शेजारी म्हणून.
सकाळी दारातून म्हटलं, "जातो."
"जातो म्हणू नये रे. येतो म्हण," आई.
येतो म्हणणं खोटं झालं असतं. समोर कुसुम पायरीवर तांदूळ पाखडत होती. तिच्याकडे बघून म्हटलं, चाओ. खरंच म्हटलं. सूप थांबलं. मान वर झाली नाही.
"हे काय आणि नवीन?" आई आतून.
बाहेर आलो. दार ओढून घेतलं.