श्यामलाचा युक्तिवाद

१४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

बंद! कानाचं मशीन पूर्ण बंद. घेऊन अजून वर्ष नाही झालं, वॉरंटी दोन वर्षांची. बायकोला, श्यामलाला, घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मशीन आत नेलं, पाच मिनिटांत परत आणलं. काहीतरी बोलल्या. मला काय कळणार? श्यामलाने पावतीच्या मागे लिहून दाखवलं — "आत घाम गेलाय म्हणे. वॉरंटीत बसत नाही. नवीन घ्या."

नवीन घ्या! मंडईतली मेथीची जुडी आहे का?

मी ओरडलो. किती मोठ्याने ते मला समजत नाही, पण सगळे वळून बघायला लागले. तीस वर्षं पीएमटीत कंडक्टर होतो, आवाजावर नोकरी केली. आता आवाज तेवढा उरलाय, कान गेले.

श्यामला गप्प उभी. ती नेहमीच गप्प. निघताना मात्र त्या बाईंना काहीतरी म्हणाली. रिक्षात लिहून सांगितलं — "म्हटलं, हे सगळं लेखी द्या. सहीशिक्क्यासकट."

आणि मिळालं की!

१६ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीची मीटिंग. दोन तास हलणारी तोंडं पाहून घरी आलो.

४ मार्च, मंगळवार

ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. कंपनीचं उत्तर तेच — घाम. शेफाली, आमची मुलगी, बाणेरहून आली. मायलेकी काय बोलल्या ते तिने लिहून दाखवलं. "आई, वकील बघू या." श्यामला म्हणाली, आधी मी बघते.

दहावी झालेली बाई! आयुष्यभर कोथरूडभर पोळ्यांचे डबे पुरवले. कायद्याचं पुस्तक आणलंय, पेन्सिलीने खुणा करत वाचते. कंपनीला नोटीस लिहिली, चारदा फाडली, पाचव्यांदा लिहिली. मी म्हटलं, 'निर्लज्ज' हा शब्द घाल. तिने खाली लिहिलं — "शिव्या त्यांना पचतात. तारखा पचत नाहीत."

रजिस्टर पोस्टाने गेली. मुदत पंधरा दिवस.

११ एप्रिल, शुक्रवार

पंधराचे अडतीस दिवस झाले, कंपनी ढिम्म. आज जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल! पावती, वॉरंटी कार्ड, तो लेखी नकार, नोटिशीची पोच — सगळं ओळीने लावलेलं. एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी नाही. वकील हवाच असंही नाही. हे मला आज कळलं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

तक्रारदार मी. माझ्या वतीने बोलणार ती, तसं अधिकारपत्र सही करून दिलं. शेफालीने टाइप करून दाखवलं, कारकुनाने विचारलं, "वकील कोण?" ही म्हणाली, "मीच. फी ठरलीय. सकाळचा चहा हे करणार."

उद्यापासून सुरुवात. आलं किती घालतात?

२७ जून, शुक्रवार

कंपनीचा वकील नवीन मशीन द्यायला तयार होता. लगेच! आणि ही नाही म्हणाली. मला न विचारता! शेफालीच्या मेसेजवरून कळलं.

नात कादंबरी परवा "आबा" म्हणाली म्हणे. पहिला शब्द. कादंबरीचे ओठ मिटलेले दिसले, उघडलेले दिसले. बास, तेवढंच. आणि ही तिकडे मशीन नाकारून येते! कान माझे की हिचे? तोंडावर बोललो तसं. ती आत निघून गेली.

जेवलो नाही.

२८ जून, शनिवार

सकाळी चहा ओतायला कप उचलला, खाली कागद होता. कंपनीचा. 'मशीनमधील बिघाड माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, हे मला मान्य आहे. कंपनी केवळ सद्भावनेने...' खाली माझ्या सहीची जागा.

त्याच्याखाली तिचं अक्षर — "तुम्ही रोज मशीन पुसून डबीत ठेवायचात. मी पाहिलंय. खोट्यावर तुमची सही होऊ देणार नाही. राग असेल तर असू दे."

दोनदा वाचलं. लाज वाटली. तसं तिला सांगितलं. "चहा गार होतोय," एवढंच लिहिलं तिने.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज युक्तिवाद. शेफाली शेजारी बसून मोबाइलवर भराभर टाइप करत होती, मी वाचत होतो.

कंपनीचा वकील दहा मिनिटं इंग्रजीत बोलला. घाम, ओलावा, अटी, शर्ती. मग श्यामला उठली. इरकली साडी, पाठ ताठ. पिशवीतून एक पत्रक काढलं. मशीनच्या खोक्यात आलेलं, कंपनीचंच. वाचून दाखवलं — 'घाम व दमट हवेपासून संपूर्ण संरक्षण.'

"घामात चालेल म्हणून विकलं, साहेब. घाम आला म्हणून नाकारलं. यांचं कुठलं बोलणं खरं धरायचं?"

वकील म्हणाला, ती जाहिरात आहे. आयोगाचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, मग माणूस काय वाचून विकत घेतो?"

मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण वकिलाने मान खाली घालून कागद चाळलेले मी डोळ्यांनी पाहिले! चाळीस वर्षं हिच्या वतीने मीच बोलत आलो — बँकेत, शाळेत, मीटिंगमध्ये. कुणी सांगितलं होतं मला?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकलो! म्हणजे ती जिंकली. पंचेचाळीस दिवसांत नवं मशीन, वर मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. आदेशात छापलंय — 'तक्रारदाराच्या पत्नीने स्वतः युक्तिवाद केला.' ती ओळ जिन्यात भेटेल त्याला दाखवली. तळमजल्यावरच्या केदारांनी दोनदा वाचून मोबाइलवर लिहून दाखवलं, "कळलं हो, माधवराव." तरी तिसऱ्यांदा दाखवली.

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

मुदत उलटून चार दिवसांनी नवं मशीन आलं. कानात घातलं आणि दचकलो. टीव्ही केवढ्या मोठ्याने लावलाय! कमी कर म्हणून हाक मारली. श्यामला ओट्याशी पाठमोरी होती. चार हाका मारल्या, वळली नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा केवढी दचकली!

"कधीपासून?"

तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "दोनेक वर्षं. म्हटलं, आधी तुमचं होऊ दे."

"आणि आयोगापुढे?"

"समोरच्याचे ओठ बघत होते."

उद्या दहाला तिच्या कानांची तपासणी. वेळ मी घेतलीय.