राणी आकाराचा पलंग

राजापेठ, अमरावती
मंगळवार, दुपार

प्रिय इंदू,

पलंग आला. म्हणजे पलंग आला असं म्हणायची सोय नाही, तीन खोकी आली. तीही वर नाही आली. खाली फाटकाशी टाकून माणूस गेला आणि मोबाइलवर लगेच निरोप, की आपली वस्तू आपल्या हाती सुखरूप पोचली. अडतीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसानं हे कसं सोसावं? आम्ही साधं रजिस्टर पत्र सही घेतल्याशिवाय हातून सोडलं नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या पौर्णिमानं आणि तिच्या नवऱ्यानं खोकी चढवली. दर चार पायऱ्यांनी ती विचारायची, "काका, गिट्टी मागवली का जी?"

दुकानातून तयार पलंग का नाही घेतला, असं तू विचारशीलच. घेणार होतो. पण आपला जिना वळतो तिथं तो अडतो, आणि जिना चुकवला तरी खोलीचं दार आत उघडतं. मग मोबाइलवर पाहत बसलो. तिथली मराठी कुण्या यंत्रानं केली असावी. "राणी आकाराचा पलंग. शरीर अभियांत्रिकी लाकडाचे. पायांना नखे ठोकावी." नखे! खिळे म्हणायचं होतं त्या बिचाऱ्याला. शाळेत असं लिहिलं असतं तर गुरुजींनी बाकावर उभं केलं असतं. पण इंदू, 'राणी आकाराचा' वाचलं आणि बोट दाबून मोकळा झालो. शेजारी राजा आकाराचाही होता, थोडा महाग. तो खोलीत मावत नाही, आणि या घरात राजाचं काही चाललेलं मला तरी आठवत नाही.

सोबतच्या कागदावर मात्र अक्षर नाही, नुसती चित्रं. चित्रातला गोल डोक्याचा माणूस सतरा पायऱ्यांत पलंग उभा करून हसतो. मला आज सहावा दिवस आहे. दुसऱ्या दिवशी कळलं की डोक्याकडची फळी पायाकडे लावली. सगळं उकललं. तिसऱ्या दिवशी स्क्रू मांडले आणि जरा जीव रमला, कारण त्यात छोटा, मोठा, मोठा, छोटा, मोठा, मोठा असा क्रम निघाला. लघु, गुरू, गुरू! म्हणजे चक्क भुजंगप्रयात. बाळापूरच्या शाळेत आम्ही ते वृत्त बाकावर बोटं आपटून म्हणायचो. मग काय, त्याच ठेक्यात पिळत गेलो आणि शेवटच्या चरणात एक लघु कमी! पिशवी झटकली, गादी झटकली, नाही. कंपनीला फोन लावला तर पाऊण तास सनई ऐकवली आणि मग एक बाई हिंदीत म्हणाल्या, "सर, प्रॉडक्ट का फोटो भेजिए." जो स्क्रू आलाच नाही त्याचा फोटो कुठून काढू?

अखेर सरफराजच्या हार्डवेअरमध्ये गेलो. त्यानं तसाच स्क्रू शोधून दिला, वर फळीचा तुकडा हातात घेऊन म्हणाला, "काका, हे लाकूड नाही, बिस्किट हाय. वजन पेलते, घाबरू नका. पन पानी लागू देऊ नका, चहात पडल्यासारखं फुगंल." मग हळूच, "चाचीले कवा आणून राहिले?" मी छत्री विसरल्याचं निमित्त करून उठलो. छत्री हातातच होती.

काय सांगणार त्याला? परवा फोनवर रागिणी म्हणाली, "बाबा, आईले आता अकोल्यालेच राहू द्या. तिथं खाली निजून पुन्हा पडली तं?" आणि मागून तुझा आवाज आला, "मी इथंच बरी." अठ्ठेचाळीस वर्षांत तुझं 'बरी' मला चांगलं कळतं. गुडघे सुजून भोपळे झाले तेव्हाही तू बरीच होतीस. दोन वर्षं म्हणत होतीस, "मले खालून उठता येऊन नाही राहिलं जी, एक पलंग पाहा." आणि मी? बाळापूरच्या पहिल्या बिऱ्हाडातली आपली एक सतरंजी, भुईचा गारवा, मातीशी नातं, काय काय ऐकवलं तुला. तू म्हणालीस, "नातं तुमचं, गुडघे माये." मला तेव्हा त्यातला विनोदच आवडला. पौर्णिमालाही सांगितला.

आता एक लिहितो, ते तोंडानं सांगवलं नसतं. ज्या सकाळी तू पडलीस, तेव्हा मी झोपलेला नव्हतो. तू नेहमीसारखी भिंतीकडून उठलीस, माझे पाय ओलांडलेस आणि आधाराला माझ्या पुस्तकांच्या तिपाईवर हात ठेवलास. मी डोळे मिटून एक जुनी कविता मनात म्हणत होतो, एक कडवं आठवत नव्हतं. हात पुढं केला असता तर पोचला असता. तिपाई सरकली तो आवाज ऐकून मी डोळे उघडले. ते कडवं मला त्यानंतर आठवलेलं नाही, आणि आठवायला नको आहे.

तर पलंग चौदाव्या पायरीवर अडला आहे. तिथं एक दांडा लावायचा आहे, उठताना धरायला, मी मुद्दाम तसला पाहून घेतला. तो डावीकडे लागतो किंवा उजवीकडे, आणि भोक एकदा पाडलं की बुजत नाही. खोली एवढीशी, पलंगाची एक बाजू भिंतीला टेकणारच. उशी पूर्वेला केली तर तुला डाव्या अंगानं उतरावं लागेल, पश्चिमेला केली तर उजव्या. ऑपरेशन डाव्या खुब्याचं, पण डॉक्टरांनी कोणत्या अंगानं उठायला शिकवलं ते मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. आणि फोनवर कसं विचारू? रागिणी फोन स्पीकरवर ठेवते, समोर जावईबापू चहा पीत असतात. त्यांच्या देखत बायकोला पलंगाची कोणती बाजू हवी असं विचारायचं, हे या वयात जमणार नाही. म्हणून हे पत्र, आणि सोबत माझ्याच पत्त्याचं कार्ड. जास्त लिहू नकोस. डावी किंवा उजवी, एवढा एकच शब्द. तोवर मी एकही भोक पाडणार नाही, सरफराज कितीही हसो. 'बरी' लिहिलंस तर मात्र मी ते पत्र घेणार नाही, पत्ता चुकला म्हणून परत पाठवीन. ती पद्धत मला येते.

तुझाच,
यापुढं भिंतीकडचा,
महादेव