पेन्सिलीची भिंत

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा घरांचे नकाशे काढण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कायद्याला गुडघे लागत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले.

१. राहते घर तिन्ही अंगणांसह दोन्ही मुलांना समाईक. कुटुंब वाढेल-आटेल तसे बदलता यावे असेच ते बांधले. पूर्वेची खोली आधी पाळण्याची, मग अभ्यासाची, शेवटी ह्यांच्या आजारपणाची झाली. दर वेळी लाकडी भिंत सरकवली, तोडफोड केली नाही. शेवटचे चार महिने ह्यांनी खाटेवरून बाग पाहिली. याचा मला अभिमान आहे.

२. शेजारच्या निवृत्त इंजिनिअरांना माझी पाणसळ, बांधकाम सरळ आहे का ते दाखवणारी. "घराच्या पोटात बाग? जागेची नासाडी!" असे ते तीस वर्षे म्हणत आले आणि दर उन्हाळ्यात तिथेच येऊन घोरत आले. पाणसळ आधी स्वतःच्या कुंपणाला लावावी.

३. मधल्या अंगणातली विटांची भिंत. मुलांनो, हे बसून वाचा. न हलणारी भिंत शाईने आणि सरकती पेन्सिलीने काढायची, ही माझी रीत. ह्यांच्या माघारी तुम्ही दोघे बायकांसह परत येणार म्हणून घर वाढवायला घेतले, तेव्हा ही भिंत पेन्सिलीने काढली होती. गवंड्याला दिली नकाशाची झेरॉक्स. तीत सगळ्याच रेघा काळ्या. आठवड्याने परगावच्या कामावरून आले तर भिंत प्लास्टरसकट उभी. गवंडी म्हणाला, "बाई, कागदावर होती, मी बांधली."

"त्याला वेगळं व्हायचं होतं तर तोंडानं सांगायचं," असे तुम्ही दोघेही एकमेकांविषयी मला म्हणालात. दिवस वेगळे, शब्द तेच. जन्मभर दुसऱ्यांच्या नकाशांतल्या चुका काढल्या, स्वतःची सांगायला जीभ रेटेना. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी उशीर झाला होता. त्याला अकरा वर्षे झाली. लिंबाचे झाड थोरल्याकडे, नळ धाकट्याकडे. एक बादल्या वाहतो, दुसरा बाजारातून लिंबे आणतो. भिंत कोणीच मागितली नव्हती. मला माफ करा.

४. भिंत पाडायचे गवंड्याला सांगून ठेवले आहे. पहिला घाव थोरल्याने घालावा, दुसरा धाकट्याने. क्रम उलटला तरी हरकत नाही, पण त्यावरून भांडू नये. पुढे नातवंडांना आडोसा लागला तर चाकांवरचा करावा.

५. दागिने दोन्ही सुनांना सारखे. भिंतीवरून त्यांच्या वाट्या ये-जा करतात, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

साक्षीदार: १. डॉक्टर. २. गवंडी ("भिंत कागदावर होती" असे लिहूनच सही करीन म्हणाला. लिहू दिले.)

ठिकाण: मधले अंगण, नळाच्या बाजूला.
दिनांक: १४ मार्च.
सही: शाईने.

सोबत मूळ नकाशा जोडला आहे. त्याची झेरॉक्स काढू नये.