कर्दळीला काय काय जमतं

प्रिय भिंगरी,

तुझं पाकीट काल मिळालं. मावशीच्या अंगणातली कर्दळीची फुलं तू जड पुस्तकाखाली दाबून वाळवलीस आणि सोबत लिहिलंस, की रोज दोन फुलं उकळून ते पाणी आईला द्या. फुलं छान वाळली आहेत, रंगही फारसा उतरलेला नाही. आईच्या उशाशी, औषधांशेजारी ठेवली आहेत. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, पोर अगदी बापावर गेली.

तिचं खरं आहे. देवानं प्रत्येक झाडाला काहीतरी काम नेमून दिलंय, हे तुझ्या डोक्यात मीच भरवलं. आई चिडवायची, की ह्यांना काट्याचाही उपयोग सापडेल, बायकोचा तेवढा सापडत नाही. तू विचारलंस, म्हणून कर्दळीला काय काय जमतं ते नीट सांगतो.

आपण या घरात आलो तेव्हा मोरीचं पाणी मागे साचायचं. दिवसभर लोकांचे नळ नि पाइप दुरुस्त करणाऱ्याच्या घरामागेच डबकं, म्हणून शेजारी हसायचे. मी पाइप वळवला आणि त्याच्या तोंडाशी कर्दळीचे कंद लावले. कर्दळीला पाण्यात पाय बुडवून उभं राहायला आवडतं. साबणाचं, खरकट्याचं पाणी ती मुळांनी पिते. डबकं आटलं, वासही गेला. तिचे कंद उकडून खाता येतात, जरा चिकट लागतात. पानं चांगली रुंद, आई त्यांत भाजी गुंडाळून ठेवायची. बिया काळ्या आणि छऱ्यांसारख्या टणक. तू रांगत होतीस तेव्हा आईनं त्या पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून तुझा खुळखुळा केला. उरलेल्यांची मी जपमाळ करायला घेतली. सुई आत शिरेना, तेव्हा कामावरच्या ड्रिलनं भोकं पाडली. त्यावर आई कितीतरी दिवस हसत होती, की देवाचं नावसुद्धा हे मशिनीनं घेणार. हल्ली माळ हातात घेतो आणि कुठवर आलो ते मध्येच विसरतो. देव समजून घेत असेल.

कर्दळ वर्षानुवर्षं टिकते, पण तिचा प्रत्येक दांडा एकदाच फुलतो. फुलून झाला की सुकायला लागतो, मग बुंध्याशी कापायचा. शेजारच्या कंदातून नवा वर येतो. हे मी तुला किती कौतुकानं सांगायचो. परवा सुकलेले दांडे कापायला बसलो आणि हात चालेना. नवा येईल, पण तो दुसरा असेल.

आता तुझा प्रश्न. ते पाणी पिऊन आई बरी होईल का? नाही, बाळा. मी डॉक्टरांनाही विचारून पाहिलं. ते हसले नाहीत, नुसती मान हलवली. आईच्या पोटातली गाठ वाढत चालली आहे आणि तिच्यावर आता त्यांच्याकडेही औषध उरलेलं नाही. जे देतात ते दुखू नये म्हणून. तू फुलं उशिरा पाठवलीस किंवा कमी पाठवलीस म्हणून असं झालेलं नाही, एवढं मनात पक्कं धर.

शनिवारी मावशी तुला घरी घेऊन येईल. शाळेला तिनं कळवलंय. परत कधी जायचं ते ठरवलेलं नाही. आई फार वाळली आहे, केस गेलेत, आवाज इतका बारीक झालाय की कान ओठांशी न्यावा लागतो. हात धरशील तो डावा धर, उजव्याला सुई लावलेली आहे. मी यातलं काहीच कळवणार नव्हतो, आल्यावर बघू म्हणत होतो. आज सकाळी तिनंच मला जवळ बोलावून बजावलं, की पोरीला आधी सगळं लिहा, तिला दारात माझ्याकडे बघून कळायला नको. आणि रडू आलं तर येऊ दे म्हणाली, माझ्यापुढे हसायचं सोंग कुणी आणू नका. मला ते सोंग टाकायला अजून धीर होत नाही. तू आलीस की दोघं मिळून तिच्याजवळ बसू.

तुझाच,
बाबा